पेशंटला विचारायला शिकवताना: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी सांस्कृतिक विविधतेचा बारा तासांचा पाठ

नर्सिंगच्या वर्गात सांस्कृतिक विविधता बहुतेक ठिकाणी एका तक्त्यावर शिकवली जाते. डाव्या रकान्यात धर्म, उजवीकडे आहार, उपास, अंत्यविधी. परीक्षेला टीप लिहायला येते, मुलं तक्ता उतरवतात आणि मार्क मिळवतात. तीच मुलं वॉर्डात गेली की आडनाव वाचून आहार ठरवतात. जैन आडनावाच्या बाईंच्या ताटातला बटाटा काढून टाकतात, त्या घरी बटाटा खातात की नाही हे कुणी विचारतच नाही. शेजारच्या खाटेवरच्या वारकरी आजोबांना अंडं दिलं जातं, कारण त्यांचं आडनाव तक्त्यात नसतं आणि गळ्यातली तुळशीची माळ सदऱ्याच्या आत असते.

तक्ता पाठ झाल्यामुळे विचारणं थांबतं, हे या पद्धतीचं खरं नुकसान आहे. म्हणून खालचा पाठ एकाच कौशल्याभोवती बांधला आहे: पेशंटला नेमकं विचारणं आणि मिळालेलं उत्तर नर्सिंग केअर प्लॅनमध्ये, म्हणजे पेशंटच्या सेवेच्या लेखी आराखड्यात, उतरवणं. जीएनएम (नर्सिंगची पदविका) आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या ट्यूटरसाठी तो लिहिला आहे. दोन-दोन तासांची सहा सत्रं आणि मधल्या आठवड्यांत वॉर्डातलं काम, अशी त्याची मांडणी आहे.

पाठ कुठे बसवायचा

भारतीय नर्सिंग परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात उपयोजित समाजशास्त्र पहिल्याच सेमिस्टरमध्ये येतं. तेव्हा मुलांनी पेशंटला नीट हातही लावलेला नसतो. तिथे जात, कुटुंब, धर्म यांच्या व्याख्या होतात आणि विषय संपल्यासारखा वाटतो. या पाठातली पहिली दोन सत्रं तिथेच घ्या. उरलेली चार मात्र मुलांची वॉर्ड पोस्टिंग सुरू झाल्यावर, शक्यतो प्रसूती आणि सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगच्या आसपास घ्या. एका बॅचमध्ये वीस ते पंचवीसच विद्यार्थी ठेवा. साठ जणांच्या वर्गात हा पाठ भाषण होऊन बसतो.

इनचार्ज सिस्टरांना आधीच भेटा. वर्गात शिकवलं एक आणि वॉर्डात दिसलं दुसरं, तर मुलं वॉर्डातलं उचलतात. पेशंटवर ओरडणारी सीनियर त्यांना पुस्तकापेक्षा खरी वाटते.

पहिलं सत्र: आधी आपलं घर

प्रत्येकाला कोरा कागद द्या. नाव लिहायचं नाही. वीस मिनिटांत पाच गोष्टींची उत्तरं लिहायची: आमच्या घरी ताप आला की डॉक्टरच्या आधी काय करतात; पाळीच्या दिवसांत काय चालतं, काय चालत नाही; बाळंतिणीला काय खायला देतात आणि काय देत नाहीत; घरात मृत्यू झाल्यावर पहिल्या तासात कोण काय करतं; कोणत्या आजाराचं नाव मोठ्याने घेत नाहीत.

कागद गोळा करा, मिसळा आणि तुम्ही स्वतः वाचा. मुलांना वाचायला देऊ नका, वर्गमित्रांना एकमेकांची अक्षरं ओळखू येतात. एकाच वर्गातल्या एका घरात बाळंतिणीला पाणी मोजून मिळतं, दुसऱ्या घरात भरपूर पाजतात. कुणाकडे पाळी कटाक्षाने पाळतात, कुणाकडे तो विषयच नसतो. आपली रीत म्हणजे सर्वसामान्य आणि दुसऱ्याची म्हणजे प्रथा, हा समज इथे पहिल्यांदा हलतो. न्यूझीलंडमध्ये इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी नर्सने मांडलेला सांस्कृतिक सुरक्षिततेचा विचार इथूनच सुरू होतो. नर्सने आधी स्वतःकडे पाहायचं, आणि सेवा सुरक्षित होती की नाही हे सेवा घेणाऱ्याने ठरवायचं.

इथे एक चूक हमखास होते. वर्गात गडचिरोलीची किंवा धडगावची मुलगी असली की ट्यूटर म्हणतात, 'तू सांग, तुमच्यात कसं असतं?' ती मुलगी शिकायला आली आहे, आपल्या समाजाची वकिली करायला आलेली नाही. तिला उभं करू नका. तिने आपणहून सांगितलं तर ते वेगळं.

दुसरं सत्र: तू, तुम्ही आणि वॉर्डाची भाषा

मराठीत आदर सर्वनामात आणि क्रियापदात दिसतो, त्यामुळे तो मोजताही येतो. सत्राच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याला एक तास ओपीडीत किंवा वॉर्डात बसवा. हातात साधा कागद आणि त्यावर दोन रकाने: तू आणि तुम्ही. कर्मचाऱ्याने पेशंटला एकदा हाक मारली किंवा सूचना दिली की एक रेघ. बाजूला खाट क्रमांक आणि अंदाजे वय एवढंच, कर्मचाऱ्याचं नाव नाही. सत्रात सगळे कागद एकत्र करा. सत्तरीच्या आजीला 'ए आजी, सरक तिकडे' आणि इस्त्रीचा शर्ट घातलेल्या तिशीतल्या माणसाला 'सर, जरा इकडे याल का' हा फरक कागदावर आला की त्यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

याची दुसरी बाजूही सांगा. आदिवासी पट्ट्यात मराठी बोलताना सगळ्यांनाच 'तू' म्हणण्याची रीत सर्रास आहे. पेशंट 'सिस्टर, तू ये ना' म्हणाली तर तो उद्धटपणा नव्हे. विद्यार्थिनीने रागवायचं नाही आणि स्वतः 'तुम्ही' सोडायचं नाही.

त्याच सत्रात शब्दांची वही सुरू करा. पेशंट जे बोलतो ते डाव्या पानावर जसंच्या तसं, त्याचा वैद्यकीय अर्थ उजव्या पानावर. 'अंगावरून पांढरं जातं', 'पांढरा पदर', 'अंग बाहेर येतं', 'ढाळ लागलेत', 'परसाकडे झालं नाही', 'डोकं भणभणतं', 'बाहेरचं झालंय', 'अंगात कणकण'. प्रत्येकाने सत्र संपेपर्यंत किमान तीस नोंदी करायच्या. 'अंग बाहेर येतं' म्हणजे गर्भाशय खाली उतरणं, हे माहीत नसलेली विद्यार्थिनी केस पेपरवर अंगदुखी लिहून मोकळी होते आणि बाई तपासणीविना घरी जाते.

बोलायच्या शब्दांचीही काळजी शिकवा. हाताला सूज आहे, सलाईन लावायचं आहे आणि मनगटात हिरव्या बांगड्या आहेत. आधी साबणाचं पाणी किंवा तेल लावून काढून पाहायच्या. नाहीच निघाल्या तर 'बांगड्या फोडूया' असं म्हणायचं नाही. बांगड्या फोडणं हा वैधव्याचा विधी आहे, आणि नवरा आयसीयूत असलेल्या बाईला तो शब्द सुरीसारखा लागतो. घरात बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतात, तोच शब्द इथे वापरायचा. शक्य असेल तर हातात एक तरी बांगडी किंवा दोरा राहू द्यायचा.

तिसरं सत्र: आठ प्रश्न, मराठीत

आर्थर क्लाइनमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये पेशंटचं स्वतःचं स्पष्टीकरण जाणून घेण्यासाठी काही प्रश्न मांडले. ते जगभर शिकवले जातात, पण शब्दशः मराठीत आणले की चौकशी समितीसारखे वाटतात. वॉर्डात चालतील असे ते पुढीलप्रमाणे:

१. या दुखण्याला तुमच्याकडे काय म्हणतात?
२. कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं? घरचे काय म्हणतात?
३. नेमकं तेव्हाच का सुरू झालं असेल?
४. यामुळे तुमचं रोजचं काय काय अडलंय?
५. इथे येण्याआधी काय काय करून पाहिलं? कुणाला दाखवलं?
६. कशाने बरं वाटेल असं वाटतं?
७. यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?
८. आम्ही काही करताना तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे काही सांभाळायला हवं का?

आठवा प्रश्न मूळच्या यादीतला नाही, तो इथल्या वॉर्डासाठी जोडला आहे. सगळ्यात जास्त माहिती पाचव्यातून मिळते, पण तो थोडं बोलणं झाल्यावर विचारला तरच. भगताकडे जाऊन आलेली बाई पहिल्या मिनिटाला ते सांगणार नाही, कारण याआधी कुणीतरी तिला त्यावरून झापलेलं असतं. तिने सांगितलं तर विद्यार्थ्याने भुवया वर न करता पुढचं विचारायचं: त्यांनी काय दिलं, पोटात काही घेतलं का, किती दिवस. झाडपाल्याचं औषध पोटात गेलं असेल तर ते केस पेपरवर यायलाच हवं. यकृत आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट वाचताना डॉक्टरांना ती माहिती लागते.

सराव तिघांच्या गटात घ्या: एक नर्स, एक पेशंट, एक निरीक्षक. सात मिनिटं बोलणं, पाच मिनिटं निरीक्षकाचा अभिप्राय, मग भूमिका बदलायच्या. पेशंट झालेल्याच्या हातात कार्ड असतं आणि त्यावरची एक माहिती तो योग्य प्रश्न आल्याशिवाय सांगत नाही. बोलीची नक्कल करायला सक्त मनाई ठेवा. एकाने हेल काढून बोललं की वर्ग हसतो, आणि हसणाऱ्यांत बसलेल्या त्या बोलीच्या मुलीसाठी पाठ तिथेच संपतो.

आडनावावरून जात काढण्याची सवय याच सत्रात खोडा. नोंदणीसाठी पूर्ण नाव एकदा घेतलेलं असतं. त्यानंतर खाटेजवळ 'आडनाव काय? म्हणजे कुठले तुम्ही?' या प्रश्नाचं नर्सिंगमध्ये काहीही काम नाही. तो का विचारला हे पेशंटला लगेच कळतं.

चौथं सत्र: तीन ढीग

मॅडेलिन लाइनिंगर या अमेरिकन नर्स आणि मानववंशशास्त्रज्ञ. परिचर्या आणि संस्कृती यांची सांगड घालणारी शाखा त्यांनी उभी केली. नर्सने पेशंटच्या रीतीचं काय करावं, याचे तीन मार्ग त्यांनी सांगितले: जपणं, जुळवून घेणं, बदलायला मदत करणं. हे तीन शब्द फळ्यावर लिहून सोडू नका. वर्गात तीन टोपल्या ठेवा: राहू द्या, जुळवून घ्या, थांबवा. वीस कार्डं करा, प्रत्येकावर एकेक रीत. चौघांच्या गटाने प्रत्येक कार्ड टोपलीत टाकायचं आणि शारीरिक कारण सांगायचं. 'अंधश्रद्धा आहे' हे कारण म्हणून चालणार नाही.

प्रसूती वॉर्डाची कार्डं सर्वात उपयोगी पडतात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोपा: राहू द्या, मधुमेह असेल तर गुळा-साखरेचं बोला. बाळाच्या तळपायाला तीट: राहू द्या. डोळ्यांत काजळ किंवा सुरमा: थांबवा, कारण जंतुसंसर्ग होतो आणि सुरम्यात शिसं असू शकतं. पण तीट कपाळाला किंवा तळपायाला लावायला सुचवलं की आजीची दृष्टीची काळजीही मिटते. नाळेला राख किंवा शेण: थांबवा, धनुर्वाताची भीती असते. नाळ कोरडी आणि उघडी ठेवायची. जन्मल्यावर मधाचं बोट: थांबवा, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) होऊ शकतो. चीक पिळून टाकणं: थांबवा, पहिल्या तासाच्या आत बाळ छातीला लागलं पाहिजे. गळ्यातला ताईत: जुळवून घ्या. बाळाच्या गळ्यात दोऱ्याचा फास बसू शकतो, म्हणून तो पाळण्याला किंवा आईच्या पदराला बांधायचा. छातीचा एक्स-रे असेल तेव्हा बाजूला ठेवायचा आणि आठवणीने परत द्यायचा.

बाळंतिणीला पाणी कमी देणं हे कार्ड मुलं घाईने 'थांबवा'त टाकतात. त्यांना थांबवा. घरच्यांचा आक्षेप बहुधा गार पाण्याला असतो. कोमट पाणी, बाळंतशोपेचं पाणी, गरम दूध, मुगाचं कढण चालतं का, असं विचारलं की पोटात जाणारं द्रव वाढतं आणि कुणाचा शब्दही मोडत नाही. हे कार्ड 'जुळवून घ्या'चं आहे.

शेक-शेगडीवर अर्धा तास द्या, कारण तिथे एकाच रीतीचे तीनही ढीग होतात. ऊब देणं चांगलंच, तो भाग राहू द्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ते थांबवा. खिडकी उघडी ठेवून, आई-बाळापासून लांब, धूर न होता शेक द्यायचा, ते जुळवून घेणं. सिझेरियन झालेल्या बाईबद्दल वेगळी सूचना लागते. पाठीत भूल दिल्यावर काही तास पायांना चटका कळत नाही आणि गरम पाण्याच्या पिशवीनेही भाजतं. संवेदना पूर्ण येईपर्यंत शेक नाही, हे सासूबाईंना त्याच दिवशी सांगावं लागतं.

कसं सांगायचं याची दोन रूपं वर्गात करून दाखवा.

पहिलं: 'आजी, शेगडी बंद करा. हे सगळं अडाणीपणाचं आहे. बाळाला काही झालं तर जबाबदार तुम्ही.' आजी गप्प बसतात आणि डिस्चार्जनंतर शेगडी बंद खोलीतच पेटते.

दुसरं: 'आजी, सूनबाईला ऊब मिळावी म्हणून तुम्ही करताय ना? बरोबर आहे, तिला ऊब हवीच. पण कोळशातून एक वायू निघतो, त्याला वास नसतो, दिसत नाही. बंद खोलीत त्याने माणूस झोपेतच दगावतो. खिडकी उघडी ठेवून दुपारी थोडा वेळ दिला तर? आणि बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने, वरून पांघरूण घालून ठेवलं तर त्याला तिचीच ऊब मिळते. दाखवू का?' मग प्रत्यक्ष दाखवायचं. शेवटी परत विचारायचं: 'मी नीट सांगितलं का बघू, घरी गेल्यावर शेगडी कुठे ठेवाल?' उत्तर चुकलं तर समजावण्यात आपण कमी पडलो, असं धरून पुन्हा सांगायचं.

काही कार्डांवर वाद नको. मेळघाटात तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापवलेल्या लोखंडाने पोटावर डाग देतात, त्याला डंबा म्हणतात. हे स्पष्ट 'थांबवा'. साप चावलेल्याला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे अडकवून ठेवणं हेही तसंच. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवला आहे. तरीही पोटावर डाग असलेलं बाळ घेऊन आलेल्या आईला वॉर्डात सगळ्यांसमोर झापायचं नाही. जखमेची ड्रेसिंग, वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच माहिती, आणि आईला एकांतात प्रश्न: पोट कधीपासून फुगत होतं, बाळ दूध ओढत होतं का, शी कशी होती. मूळ आजार अजून बाळाच्या पोटात आहे आणि तो सापडायचा आहे. ओरडा खाल्लेली आई पुढच्या मुलाच्या वेळी दवाखान्यात येणार नाही. भूमकांना, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैद्यांना, विरोधक न मानता पेशंट पाठवण्याच्या साखळीत घेण्याचे प्रयत्न मेळघाटात झाले आहेत, ते याच कारणाने. सामुदायिक पोस्टिंगमध्ये भूमकांशी ओळख करून द्या.

उपास आणि औषधाची वेळ

याचं वेगळं सत्र नको. औषधशास्त्राच्या ट्यूटरसोबत एक तास बसा आणि खऱ्या औषधपत्रकावर काम करा.

रमजानमध्ये रोजा ठेवणारा मधुमेही पेशंट आला तर विद्यार्थ्याने रोजा ठेवावा की नाही हे सांगायचं नाही. इन्सुलिनचा डोस डॉक्टर बदलतील. विद्यार्थ्याचं काम आधी विचारणं, तेही रमजानच्या काही आठवडे आधी: सेहरीला काय खाता, इफ्तारला काय, मागच्या वर्षी साखर उतरली होती का. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, हा आकडा पेशंटला आणि घरच्यांना पाठ हवा. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक धर्मजाणकार सांगतात. पेशंटला शंका असेल तर त्याच्या मौलानांना फोन लावू द्यावा. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे हे बहुतेकांना माहीत असतं. ती घ्यायची की नाही, हा निर्णय त्यांचा.

चौविहार पाळणारे जैन पेशंट सूर्यास्तानंतर काहीच घेत नाहीत, आणि नवकारशी करणारे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी तोंडात पाणी घेतात. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा अशी लिहिलेली गोळी इथे दोनदा चुकते. विद्यार्थी गोळी खाटेवर ठेवून जातो, पत्रकावर 'दिली' अशी खूण होते आणि गोळी उशाखाली राहते. आठ तासांनी द्यायचं प्रतिजैविक मनाने दिवसाच्या बारा तासांत कोंबता येत नाही. राऊंडला डॉक्टरांना सांगायचं: पेशंट रात्री तोंडाने काही घेत नाहीत, दिवसातून एक-दोनदा घ्यायचं दुसरं औषध किंवा शिरेतून देणं शक्य आहे का. आजारपणात औषधापुरती सूट घेणारेही अनेक असतात, म्हणून आधी पेशंटला विचारायचं. जिलेटिनची कॅप्सूल प्राण्यापासून बनते, आणि हेपॅरिन बहुतेक वेळा डुकराच्या आतड्यापासून. कुणी विचारलं तर विद्यार्थ्याने लपवू नये आणि स्वतः निकालही देऊ नये, डॉक्टरांपर्यंत पोहोचवावं.

एकादशी, चतुर्थी, हरतालिका या उपासांना 'जेवलात का?' हा प्रश्न फसतो. साबुदाण्याची खिचडी खाल्लेली बाई 'नाही' म्हणते, कारण तिच्या लेखी ते जेवण नाही. इन्सुलिन देण्याआधी 'आज सकाळपासून पोटात काय काय गेलं?' असं विचारायला शिकवा. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवलेल्या पेशंटच्या बाबतीतही हेच: 'निर्जळी ना?' असा शब्द वापरला की चहा आणि पाण्याचा खुलासा आपोआप होतो.

पाचवं सत्र: दुभाषी

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, गोंडी आणि माडिया द्राविडी. कोरकूत पाणी म्हणजे दा, गोंडीत येर. मराठी मोठ्याने आणि सावकाश बोलून ती कोरकू होत नाही, तरी वॉर्डात हाच उपाय रोज चालतो. भिल्ली किंवा अहिराणी मराठीला जवळची, तिथे धोका वेगळा: दोघांनाही समजल्यासारखं वाटतं.

आशाताई, वॉर्डातल्या मावशी किंवा शिपाई यांच्यापैकी भाषा येणाऱ्यांची यादी नर्सिंग स्टेशनवर लावा. बसायचं त्रिकोणात, पण पाहायचं आणि बोलायचं पेशंटशी. एका वेळी दोन वाक्यं. पेशंट दोन मिनिटं बोलली आणि दुभाषी म्हणाला 'काही नाही, बरं आहे म्हणते', तर नम्रपणे म्हणायचं, 'त्या जे जे बोलल्या ते सगळं सांगा, मला लहानसहानही हवंय.' मुलाला दुभाषी करायचं नाही. पाळी, गर्भनिरोधन, मारहाण यांबद्दल बोलताना नवरा किंवा सासूही चालणार नाही. संमतीपत्रावर अंगठा घेण्याआधी, काय होणार आहे ते पेशंटने स्वतःच्या भाषेत परत सांगायला हवं.

गोळ्यांच्या पुड्यांवर उगवता आणि मावळता सूर्य काढायला लावा. लोहाच्या गोळ्या देताना शी काळी होते हे त्याच वेळी सांगायचं. 'गोळ्या गरम पडतात', 'बाळ फार मोठं होऊन बाळंतपण अडतं' या भीतीने गरोदरपणात दिलेल्या १८० गोळ्यांमधल्या कितीतरी माळ्यावर राहतात. भीती काय आहे हे विचारल्याशिवाय ती निघत नाही.

अंगावरच्या खुणा आणि अखेरचा तास

लिंगायत पेशंटच्या गळ्यात इष्टलिंग असतं, अमृतधारी शिखांच्या अंगावर केस, कंगा, कडं, कच्छेरा, कृपाण. सोलापूर, लातूर, नांदेडला हे नेहमी भेटतं. ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याआधी विचारायचं: हे काढायचं झालं तर कुणी काढावं आणि कुठे ठेवावं? केस भादरायची खरंच गरज आहे का, हे सर्जनना आधी विचारायचं. विद्युत चाकूमुळे धातूजवळ भाजू शकतं, हे कारण पेशंटला सांगितलं की बहुतेक जण तयार होतात. मेंदी लावलेल्या बोटावर ऑक्सिमीटरचा आकडा संशयास्पद वाटला तर दुसरं बोट किंवा कानाची पाळी घ्यायची. सावळ्या त्वचेत निळेपणा ओठ-जिभेवर आणि कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्यात पाहायची. पुस्तकातली चित्रं बहुधा गोऱ्या त्वचेची असतात, म्हणून हे खाटेजवळ दाखवावंच लागतं. तृतीयपंथी पेशंटला कोणत्या नावाने हाक मारायची आणि कोणत्या वॉर्डात सोयीचं वाटेल, हे पहिल्या मिनिटात, हळू आवाजात विचारायचं.

मृत्यूबद्दल एकच प्रश्न शिकवा: 'आम्ही शरीराला हात लावण्याआधी तुम्हाला काही करायचं आहे का?' बाकी सगळं नातेवाईक सांगतात. गंगाजल द्यायचं असेल आणि पेशंटला गिळता येत नसेल तर चमच्याने नको, ओल्या कापसाने ओठ भिजवायचे. पोलिस केस असेल तर नळ्या काढायच्या नाहीत, आणि दफनाची घाई असलेल्या कुटुंबाला उशिराचं कारण लगेच सांगायचं.

संस्कृतीच्या नावावर खपणारी गरिबी

विद्यार्थ्यांच्या केअर प्लॅनमध्ये 'अंधश्रद्धेमुळे उशिरा दाखल' हे वाक्य वारंवार येतं. प्रत्येक वेळी ते खोडून 'काय अडलं होतं?' असं लिहून परत द्या. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. ऊसतोड कामगार बाईला 'महिनाभर आराम करा' सांगणं निरर्थक आहे, कारण कामावर न गेल्यास मुकादम खाडा लावतो, म्हणजे पैसे कापतो. तिला विचारायचं: कोयत्यावर (ऊसतोडीला) परत कधी जावं लागेल, मोळी कोण उचलेल, टाक्याची जखम कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) कशी स्वच्छ ठेवाल? 'पेशंट असहकारी' हा शब्दही केस पेपरवर बंद करा. त्याऐवजी काय नाकारलं आणि कोणत्या शब्दांत, ते अवतरणात लिहायचं.

सहावं सत्र: परीक्षा

लेखी टीप बंद करा. आठ मिनिटांचं प्रात्यक्षिक स्टेशन ठेवा, वीस मार्कांचं. स्वतःची ओळख आणि आदराने हाक: २. पडदा, एकांत: २. पेशंटचं स्वतःचं स्पष्टीकरण काढणं: ५. खाणं, उपास, घरचे उपचार विचारणं: ३. रीत योग्य ढिगात टाकून पर्याय सुचवणं: ५. परत विचारून खात्री: ३. पेशंटची भूमिका बाहेरच्या व्यक्तीला द्या, निवृत्त सिस्टर उत्तम. तिच्याकडेही एक प्रश्न ठेवा: 'या मुलीकडे पुन्हा याल का?' उत्तर 'नाही' आलं तर मार्क कितीही असोत, त्या विद्यार्थिनीचं स्टेशन पुन्हा घ्या.

तीन महिन्यांनी वॉर्डातून प्रत्येकीचे दोन खरे केअर प्लॅन मागवा. आठव्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे का, आणि त्यामुळे औषधाची वेळ, आहार किंवा डिस्चार्जची सूचना यांतलं काही बदललं का, एवढंच तपासा. उत्तर आहे पण काहीच बदललेलं नाही, असे कागद बाजूला काढा. चौथ्या सत्राची टोपली घेऊन त्या मुलींसोबत पुन्हा बसा, यावेळी कार्डांऐवजी त्यांचेच पेशंट घेऊन.